कारभारी बदलला

आमच्या सगळ्या भावकीत हायकोर्टाचा हुकूम मिळवलेला मी एकटा. बाकीच्यांची मजल शिरूरच्या कोर्टापर्यंत, तीही बांधाच्या भांडणात तारखा घेण्यापुरती. माझा हुकूम इंग्रजीत टाइप केलेला आहे, त्याला गोल शिक्का आहे, आणि त्यात लिहिलंय की मृत्युपत्राच्या आधीच्या एक्झिक्युटरला, म्हणजे व्यवस्थापकाला, काढून त्याच्या जागी मला नेमण्यात येत आहे. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काढून दाखवायचो. चहा निवून जायचा, पण मी पान उलटत राहायचो. पुढं बायकोने एकदा आवराआवर करताना विचारलं, हा कागद रद्दीत घालू का? मी तिच्यावर असा काही खेकसलो की शेजारीण खिडकीत आली.

ज्यांना काढलं ते आप्पा. त्यांचं आमचं रक्ताचं नातं नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि आप्पा हे तरुणपणी एकाच वाड्यात होते. वाडा म्हणजे माडीचा वगैरे नव्हे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आठ-दहा घरांचा जो तळ असतो, त्याला आमच्यात वाडा म्हणतात. दिवाळी झाली की आमच्या गावाहून, निमोण्याहून, निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी माघारी यायचं. या वाड्याचा एक कारभारी असतो. तो पहाटे पुढं चालत जातो, शेतकऱ्याशी बोलून मेंढरं कुणाच्या रानात बसवायची ते ठरवतो आणि दुपारपर्यंत निरोप धाडतो. अमुक गाव का सोडलं, तमुक वाटेनं का वळलो, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. ज्याला पटत नसेल त्याने वर्षाच्या शेवटी आपली मेंढरं कळपातून वेगळी काढून दुसऱ्या वाड्यात जायचं. त्यात भांडण नाही की रुसवा नाही. आप्पा अठरा वर्षं कारभारी होते आणि आबांनी एकदाही मेंढरं वेगळी काढली नाहीत.

आबांनी नंतर मेंढरं विकून जमीन घेतली. निमोण्याची चांगली विहिरीची, आणि एक तीन एकराचा तुकडा कारेगावजवळ, निव्वळ माळ. तिथं कुसळं आणि दगड याशिवाय काही उगवत नव्हतं. छातीत दुखायला लागलं तेव्हा आबा शिरूरला दस्त लिहिणाऱ्याकडं गेले आणि मृत्युपत्र करून आले. सोबत मी होतो. लिहिणाऱ्याने विचारलं, "व्यवस्थापक कोण नेमायचा? म्हणजे तुमच्या पश्चात हे सगळं नावावर करून देणारा."

"म्हंजी कारभारीच की," आबा म्हणाले. "मग त्यात इचारायचं काय? आप्पा."

मी बी.कॉम. झालेला होतो, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो, आणि आबांच्या शेजारी बसलो होतो. माझं नाव त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हे मला लागलं, आणि ते किती लागलं हे कळायला पुढची दहा वर्षं जावी लागली.

मृत्युपत्र साधं होतं. निमोण्याची जमीन आम्हा दोघा भावांना अर्धी अर्धी. कारेगावचा माळ आक्काला. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई आणून घरात बसवली होती, तेव्हापासून ती माहेरी होती. मूलबाळ नाही. आबा गेल्यावर ती दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरात राहिली. तेरावा झाल्यावर आप्पांनी कागद वाचून घेतला तेव्हा दादा हसला होता. "आक्का, दगडं येचाया तरी जात जा अधनंमधनं." आक्काही हसली. आमच्याकडं बहिणींनी बापाच्या जमिनीवर हक्कसोड लिहून द्यायची आणि भावाने त्या दिवशी साडी नेसवायची, ही रीतच आहे. बहिणीला जमीन देणारा बाप आमच्या गावाने आबांच्या रूपाने पहिल्यांदा पाहिला. तोही दगडांची देतोय म्हटल्यावर कुणी मनावर घेतलं नाही.

मग रांजणगावला कंपन्या आल्या. कारेगावात पत्र्याच्या खोल्या उठल्या, बिहार-यूपीची पोरं आली, रस्त्याकडेच्या माळाला एजंट हात लावून बघायला लागले. आक्काचा तुकडा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होता. आता त्याच्यावर कोणी हसत नव्हतं.

आप्पांनी आम्हा भावांचा हिस्सा पहिल्याच वर्षी आमच्या नावावर करून दिला. स्वतः तलाठ्याकडं खेटे घातले. आक्काचा मात्र तसाच. सात-बारावर मेलेल्या आबांचंच नाव. दादाने तिघांची वारस नोंद लावायचा प्रयत्न केला, तर आप्पांनी मृत्युपत्र दाखवून हरकत घेतली. बरं, हरकत घेतली तर घेतली, मग पुढं आक्काचं नाव तरी लावा! तेही नाही. मृत्युपत्र त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कुलपात, आणि किल्ली करदोट्याला. एजंट आला की त्याला चहा पाजायचा आणि परत पाठवायचा.

मी दर सुट्टीला दौंडहून निमोण्याला जायचो आणि आप्पांच्या वस्तीवर चक्कर मारायचो. ते ओट्यावर बसून टकळीवर लोकर कातत असायचे.

"आप्पा, आक्काच्या नावावर कधी होणार?"

"हुईल."

"पण कधी?"

"हुईल की."

"अडचण काय आहे ते तरी सांगा."

यावर ते माझ्याकडं बघायचे आणि मग आत हाक मारून माझ्यासाठी दूध आणायला सांगायचे. मी कारकून माणूस. साध्या पार्सलला उशीर झाला तर रजिस्टरात कारण लिहावं लागतं अशा जागी माझी भाकरी. मला हा न बोलण्याचा रुबाब सहन व्हायचा नाही. दूध न पिता उठायचो.

दादाचा फोन ऑफिसात यायचा. "अरे, आप्पा काल कारेगावला एजंटाच्या गाडीत दिसला. तू शिकलेला हायस, तूच कायतरी कर. मी बोललो तर लोक म्हणतील, जमिनीवर डोळा ठेवून बोलतोय. बिचारी आक्का." तो 'बिचारी आक्का' असं काही म्हणायचा की मला गहिवरून यायचं. आणि खरंच, त्या काळात दादा आक्काला फार जपत होता. दिवाळीला तिला वहिनीच्या आधी लुगडं. दवाखान्याला शिरूरला स्वतः मोटारसायकलवरून न्यायचा. मी मनात म्हणायचो, भाऊ असावा तर असा.

शिरूरच्या वकिलाकडं गेलो. तो म्हणाला, एक्झिक्युटरला काढणं इथल्या कोर्टाचं काम नाही, मुंबईला हायकोर्टात अर्ज करावा लागेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मी स्वतःला शहाण्याच्या वरचा समजत होतो. खर्चाचं दादाने अंगावर घेतलं. 'आक्कासाठी' म्हणाला. वकिलाने अर्ज केला: व्यवस्थापकाने सात वर्षं काम केलं नाही, लाभार्थी स्त्री निराधार व निरक्षर आहे, व्यवस्थापकाचा हेतू शुद्ध नाही. मृत्युपत्रात 'मुलीची सोय पाहून योग्य वेळी नावावर करावे' असं एक वाक्य होतं. आप्पांनी हरकतीला जोडलेल्या नकलेवर वकिलाने त्याखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाला, "योग्य वेळी म्हणजे सात वर्षं नव्हे. इथंच ते अडकणार." मला फार आनंद झाला होता.

अर्ज आक्काच्या नावानं होता, म्हणून तिचा अंगठा हवा. मी शाईचं पॅड घेऊन निमोण्याला गेलो. ती शेण गोळा करत होती. हात धुऊन, पदराला पुसून आली. कागदावर 'वाचून दाखवले व समजले' असं छापलेलंच होतं. वाचून दाखवायला माझ्याकडं वेळ नव्हता, दौंडची शेवटची बस गाठायची होती.

"कसला हाय रं?" तिने विचारलं.

"जमीन तुझ्या नावावर करायचा."

"आप्पांस्नी सांगितलंस?"

"त्यांनाच तर काढायचंय."

ती थोडा वेळ अंगठ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." मीच तिचा अंगठा धरून पॅडवर दाबला आणि कागदावर दाबला. ठसा स्वच्छ उठला नाही म्हणून दोनदा.

मुंबईला तारखेला आप्पा एकटे आले. वकील दिला नव्हता. पांढरं धोतर, लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि काखेत कापडी पिशवी. पहाटेपासून कोर्टाच्या दाराशी बसून होते असं नंतर कळलं. आमचा वकील अर्धा तास इंग्रजीत बोलला. मग न्यायाधीशांनी आप्पांना मराठीत, अगदी नीट, 'आजोबा' म्हणून विचारलं की मुलांचा हिस्सा लगेच दिलात, मग मुलीचा सात वर्षं का नाही? काही कारण असेल तर सांगा, आम्ही लिहून घेतो.

आप्पांनी मागं वळून बघितलं. बाकावर मी होतो, माझ्या शेजारी दादा होता. आप्पांची नजर माझ्यावर नव्हती, दादावर होती. दादा खाली मान घालून बूट बघत होता. मग आप्पा पुढं वळून म्हणाले, "कारभार मला दिला हुता साहेब. आता दुसऱ्याला द्यावा वाटत आसंल तर द्या. कारण काय सांगायचं?"

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. आप्पा पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा मला वाटलं, सापडला चोर. बोलायला तोंडच नाही.

हुकूम झाला. आप्पांना काढलं, मला नेमलं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी पिशवीतून मृत्युपत्र काढलं. ते प्लास्टिकच्या कागदात, वर फडक्यात गुंडाळलेलं होतं. म्हणजे ते आधीच ठरवून आले होते की द्यावं लागलं तर इथंच देऊन टाकू. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "घाई करू नगंस, पोरा."

मी म्हणालो, "सात वर्षं तुम्ही घाई केली नाहीत, आप्पा. तेवढी पुरे."

हे वाक्य मी त्या वेळी घरी येऊन तिघा-चौघांना ऐकवलं होतं. सगळ्यांना आवडलं होतं. आज ते आठवलं की कान तापतात.

मी कामाला लागलो. हुकूम, मृत्युपत्र, अर्ज, नोटिसा. दौंडहून शिरूर, शिरूरहून कारेगाव, रजा टाकून फिरलो. आप्पांना सात वर्षांत जमलं नाही ते मी पावणेदोन महिन्यांत करून दाखवलं. सात-बारावर आक्काचं नाव लागलं, एकटीचं. आमच्या खानदानात कुठल्याही बाईचं नाव त्या कागदावर कधी नव्हतं. मी पेढे घेऊन निमोण्याला गेलो. पहिला पेढा दादाने उचलला. आक्काने हातात घेऊन ठेवला. तिला गोड फारसं आवडत नाही, असं मी समजलो.

गावात आप्पांना लोक ऐकवायला लागले. पोरीची जमीन दाबून बसला होता, हायकोर्टाने काढला. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे आम्ही, आणि फाशीचा दोर वळणारा मी.

चार-पाच महिन्यांनी कारखान्यात काम करणाऱ्या एका मित्राकडं मी कारेगावला गेलो होतो. जाता जाता वाटलं, आक्काच्या माळावर एक नजर टाकू. माळावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. पाया खणणं चालू होतं. मी मिस्त्रीला विचारलं, कुणाचं काम?

"निमोणे वाले सेठ का है," तो म्हणाला. "चौबीस कमरे बनेंगे. आपको चाहिए तो अभी बोल दो, बाद में नहीं मिलेगा."

तिथून तडक तलाठ्याकडं. आक्काचं नाव कमी होऊन दादाचं लागलं होतं. बक्षीसपत्र. मी पेढे वाटले त्याच्या नवव्या दिवशी दादाने तिला शिरूरला रजिस्ट्रारकडं नेलं होतं. त्याच मोटारसायकलवरून, ज्या मोटारसायकलीचं मला एवढं कौतुक होतं.

दादा घरीच होता. मला वाटलं होतं, नजर चुकवेल. त्याने नजर चुकवली नाही. "तिनं राजीखुशीनं दिलंय. साडी नेसवली, पाया पडलो, सगळं रीतीनं केलं. बहीण भावाला देती, त्यात नवल काय? आन् तुझे उपकारच झाले बघ. त्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत कागद हुता तवर माझा काय इलाज चालत न्हवता."

मी तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे ऐकत राहिला. त्याचं काम झालं होतं, त्याला ओरडायची गरज नव्हती. मग वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "जमीन तिच्या नावावर गेली तिथं तुमचं काम संपलं. एक्झिक्युटर म्हणून आता तुम्हाला काही अधिकार नाही. दावा करायचा तर तिलाच करावा लागेल."

आक्का घरात दिसली नाही. वहिनीने गोठ्याकडं बोट दाखवलं. गोठ्याला लागून कडबा ठेवायची जी खोपी होती, तिथं आक्काचं अंथरूण होतं. एका कोपऱ्यात चूल, एक ताट, एक तांब्या. तिचं तिनं करून खायचं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते विचारायची सोय नव्हती. ती मला बघून उठली, पोतं झटकून अंथरलं आणि बस म्हणाली.

"आक्का, आप्पांनी सात वर्षं का थांबवलं हे तुला माहीत होतं?"

"व्हय. आबा गेल्यावर महिन्याभरातच आप्पा बोलले हुते माझ्यासंगट. म्हणले, कागद तुझ्याकडं आला की थोरला दुसऱ्या दिवशी मागंल, आन् तुला न्हाई म्हणता येत न्हाई, मला ठावं हाय. माझ्या ट्रंकेत हाय तवर तुझी उठबस तो करील. तो दमला, न्हाईतर त्याची पोरं शहाणी निघाली, की मग बघू. न्हाईतर तुझ्या म्हातारपणी तरी तुझ्या नावावर करून दिऊ, तवा मागाया कुणी उरायचं न्हाई."

"मग हे आप्पांनी कोर्टात का नाही सांगितलं? एवढं साधं होतं!"

"समद्यांच्या म्होरं? थोरला बहिणीला लुबाडील, असं आबांच्या पोराबद्दल आप्पांनी साहेबाला सांगायचं?" ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू विचारतेय की एवढी शाळा शिकून मी काय केलं. "वाड्यातल्या माणसाची लाज कारभारी चावडीवर काढतो व्हय रं?"

सांगितलं असतं तर न्यायाधीशांनी लिहून घेतलं असतं. दादाचं नाव फाइलला लागलं असतं, मीही कदाचित जागा झालो असतो. म्हातारा कारण गिळून उठला आणि आपल्या नावाला डाग लावून घेतला. आबांच्या घराची लाज राखायला. त्या लाजेपायी आक्काची जमीन गेली, याचाही मला राग येतो. आप्पांवर येतो, आबांवर येतो, त्या न बोलण्याच्या रीतीवर येतो. पण फार वेळ टिकत नाही, कारण शेवटी तो फिरून माझ्याकडंच येतो.

"चल, आपण दावा लावू," मी म्हणालो. "मी खर्च करतो. फसवून घेतलंय तुझ्याकडून."

"फसवून न्हाई. मागितलं, म्हणून दिलं."

"मग मला आधीच सांगायचंस की! मी अर्ज घेऊन आलो त्या दिवशी. एक शब्द बोलली असतीस तर तिथंच फाडून टाकला असता."

आक्का चुलीपुढं वाकून लाकूड सारत होती. तिने मान वर केली नाही.

"तू इचारलंस कवा? तू अंगठा मागितलास, दिला. त्यानंबी अंगठाच मागितला, दिला. तुमच्या दोघांत मला तरी काय फरक दिसला न्हाई."

जाळ धरल्यावर तिने विचारलं, चहा ठेवू का, पण दूध नाही. मी नको म्हणालो आणि दौंडच्या बसला निघालो.